निखळलेला खुबा आणि दाराबाहेरचे आईबाप

१९०२ सालच्या ऑक्टोबरात व्हिएन्नाचे अस्थिशल्यविशारद डॉ. अडॉल्फ लोरेन्झ समुद्र ओलांडून शिकागोला आले, ते एका लहान मुलीसाठी. तिचे वडील जोनाथन ऑग्डेन आर्मर म्हणजे अमेरिकेतल्या मांसउद्योगातलं बडं प्रस्थ. मुलगी लोलिटा पाचेक वर्षांची, जन्मापासून खुबा निखळलेली. घरात पैशाला तोटा नव्हता, पण तिचं लंगडणं थांबवणारा डॉक्टर त्यांना देशात सापडला नव्हता. लोरेन्झ यांनी तिला भूल द्यायला लावली, सुरी न लावता नुसत्या हातांनी मांडीचं हाड ओढून, फिरवून उखळीत बसवलं आणि वरून प्लास्टर घातलं.

वर्तमानपत्रांनी ही बातमी डोक्यावर घेतली. रक्ताचा थेंब न सांडता हाड बसवणारा डॉक्टर! मग लोरेन्झ यांच्याकडे लोटले ते दुसरेच आईबाप, ज्यांना व्हिएन्ना कुठे आहे हेही ठाऊक नसेल. पुढचे काही महिने लोरेन्झ अमेरिकेत गावोगाव फिरले, स्थानिक डॉक्टरांसमोर प्रात्यक्षिकं केली आणि कितीतरी गरीब मुलांवर मोफत उपचार केले. ज्या शहरात ते जात तिथे लंगडणारी मुलं घेऊन आलेल्या माणसांची रीघ लागे.

वैद्यकाच्या इतिहासात हा दौरा लोरेन्झ यांच्या नावावर आहे, आणि ते रास्तच आहे. पण लहान मुलांच्या खुब्याच्या उपचारांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास त्या रांगेत उभं राहून वाचला, तर तो बराच वेगळा दिसतो. दुखणं अनेकदा आधी आईच्या लक्षात आलं. प्लास्टरचे महिने घरच्यांनी काढले. आणि तरीही रुग्णालयाच्या दारात सगळ्यांत जास्त काळ अडवलं गेलं ते याच माणसांना.

दुखण्याचं स्वरूप आधी थोडक्यात. खुब्याचा सांधा उखळीचा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कटीच्या हाडातल्या खोलगट उखळीत फिरतं. काही बाळांची ही उखळी उथळ राहते, डोकं तिच्यातून सरकतं किंवा पूर्ण बाहेर निघून वर चढतं. मुलांपेक्षा मुलींमध्ये हे कितीतरी जास्त आढळतं, उजव्यापेक्षा डाव्या खुब्यात जास्त, पहिल्या बाळात जास्त, आणि पायाळू बाळात तर विशेष. वाईट भाग असा की बाळाला काहीच दुखत नाही. ते खेळतं, हसतं, दूध पितं. घरच्यांना कळतं ते अनेकदा मूल चालायला लागल्यावर, म्हणजे वर्ष-दीड वर्षाने. तोवर उखळी रिकामीच वाढलेली असते, आणि डोकं आत नसेल तर उखळी नीट घडतच नाही.

हे दुखणं हिपोक्रेटिसच्या काळापासून माहीत होतं. पॅरिसच्या ग्योम द्युपित्रां यांनी १८२६ मध्ये त्याचं काटेकोर वर्णन केलं, आणि सोबत निकालही दिला, की यावर इलाज नाही. द्युपित्रां हे त्या काळातलं फ्रान्समधलं शल्यशास्त्राचं सर्वांत मोठं नाव. त्यांनी नाही म्हटल्यावर पुढे कोणाकडे जायचं? तरी ल्याँच्या शार्ल-गाब्रिएल प्रावाझ यांनी तो निकाल मानला नाही. (इंजेक्शनच्या सिरिंजच्या इतिहासात ज्यांचं नाव येतं, तेच हे प्रावाझ.) त्यांच्या संस्थेत मुलांचे पाय महिनोन्महिने वजनाने ताणून ठेवत, मग हाड हळूहळू उखळीकडे आणत आणि नंतर दीर्घकाळ व्यायाम करवत. १८४७ मध्ये त्यांनी आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडला. हा उपचार परवडे तो ज्यांना एवढे महिने मूल संस्थेत ठेवून खर्च सोसता येई अशांनाच. बाकीच्या घरांत मुलगी लंगडतच मोठी होई, आणि तिच्या लंगडण्याचा दोष कधी आईच्या बाळंतपणाला, कधी नशिबाला लावला जाई.

दोन गोष्टींनी चित्र बदललं. एक म्हणजे प्लास्टर. डच लष्करी शल्यविशारद आंतोनियस माथाइसन यांनी १८५१ च्या सुमारास कापडी पट्ट्यांत जिप्समची भुकटी चोळून, त्या ओल्या करून गुंडाळण्याची युक्ती काढली. ती युद्धात मोडलेल्या हातापायांसाठी होती. पण हाड एका जागी कित्येक आठवडे धरून ठेवणारं आणि मुलाबरोबर घरी पाठवता येणारं साधन त्यामुळे पहिल्यांदा हाती आलं. मूल संस्थेऐवजी आईच्या खोलीत बरं होऊ शकणार होतं. दुसरी गोष्ट म्हणजे १८९५ चा क्ष-किरण. डोकं खरंच उखळीत बसलं का, हे त्याआधी फक्त बोटांना विचारावं लागे.

लोरेन्झ 'कोरडे' शल्यविशारद झाले त्यामागे त्यांचंच एक दुखणं होतं. जंतू मारण्यासाठी तेव्हा शस्त्रक्रियेत कार्बोलिक ॲसिड वापरत आणि लोरेन्झ यांच्या हातांना त्याने इसब होई. कापाकापी सोडावी लागल्यावर त्यांनी हातांनीच हाड बसवण्याची पद्धत विकसित केली. मांडीच्या आतले ताठ स्नायू दाबून, प्रसंगी तोडून सैल करायचे, डोकं उखळीत आणायचं आणि दोन्ही मांड्या बाजूला पूर्ण उघडून, बेडकासारख्या अवस्थेत, कित्येक महिने प्लास्टरमध्ये ठेवायच्या. असंख्य मुलं या पद्धतीने चालू लागली. पण मांड्या इतक्या ताणून उघडल्या की हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि डोकं झिजतं, हे नंतरच्या पिढीला कळलं. मूल दिसायला बरं होऊन घरी जाई आणि काही वर्षांनी त्याच खुब्याची तक्रार घेऊन परत येई. ज्यांनी महिनोन्महिने त्या प्लास्टरची निगा राखली होती, त्यांना हे ऐकताना काय वाटलं असेल, याची नोंद कुठल्याच वैद्यकीय अहवालात नाही.

लवकर ओळखलं तर एवढी झटापट करावीच लागत नाही, हे बोलोन्याच्या रिझोली संस्थेचे व्हित्तोरिओ पुत्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सतत सांगत होते. तान्ह्या बाळाच्या मांड्यांमध्ये एक पाचरीसारखी उशी बांधली तरी काम होई. अडचण एकच होती : तान्ह्या बाळात ओळखायचं कसं? याचं उत्तर बोलोन्यापासून जवळच असलेल्या फेरारा शहरात मिळालं, आणि ते एका आईने आणून दिलं.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांच्याकडे काही महिन्यांचं बाळ घेऊन एक बाई आली. बाळाला स्वच्छ करताना पाय फाकवले की खुब्यात काहीतरी 'खट्‌' होतं, एवढीच तिची तक्रार होती. आणखी कुठल्या दवाखान्यात तिला कदाचित समजूत घालून परत पाठवलं असतं. ओर्तोलानी यांनी तिने दाखवलं तसं करून पाहिलं. तो धक्का म्हणजे निखळलेलं डोकं उखळीच्या काठावरून आत परतत होतं. फ्रान्समध्ये ल दामानी यांनी या खुणेचं वर्णन पूर्वीच केलेलं होतं, पण ती विस्मरणात गेली होती. ओर्तोलानी यांनी १९३७ मध्ये ती नव्याने मांडली आणि पुढचं आयुष्य याच कामाला वाहिलं. आज जगभरच्या प्रसूतिगृहांत नवजात बाळाच्या मांड्या हलकेच उघडून जी तपासणी होते तिला ओर्तोलानींचं नाव आहे. त्या बाईचं नाव पाठ्यपुस्तकांत नाही.

त्यानंतरच्या दहा वर्षांत मोरावियाचे आर्नोल्ड पाव्लिक यांनी चामड्याच्या पट्ट्यांचा एक साधा साज तयार केला. बाळाला पाय झाडू द्यायचे, फक्त सरळ ताणून जवळ आणू द्यायचे नाहीत, म्हणजे डोकं आपणहून उखळीत स्थिरावतं. जबरदस्ती कमी झाली तसं रक्तपुरवठा तुटण्याचं प्रमाणही खाली आलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी आजही पहिला उपाय हाच असतो. पट्टे दिवसरात्र अंगावर ठेवायचे, त्यातच बाळाला पाजायचं, निजवायचं, अंग पुसायचं. पट्टे बांधून देतात डॉक्टर, पण ते यशस्वी होतात घरात.

उशिरा सापडलेल्या मुलांसाठी मात्र शस्त्रक्रियाच उरते. टोरोंटोच्या सिक चिल्ड्रन रुग्णालयातले रॉबर्ट सॉल्टर यांनी १९५७ मध्ये एक नवी शस्त्रक्रिया केली आणि १९६१ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांच्या ध्यानात आलं होतं की अशा मुलांची उखळी केवळ उथळ नसते, तिचं तोंडही चुकीच्या दिशेला असतं. म्हणून उखळीच्या वर कटीचं हाड आडवं कापायचं, खालचा भाग पुढे-बाहेर वळवायचा, कमरेच्या वरच्या कडेतून काढलेला हाडाचा त्रिकोणी तुकडा त्या फटीत बसवायचा आणि तारांनी पक्कं करायचं. साधारण दीड ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ही शस्त्रक्रिया जगभर रुळली. नंतर काही आठवडे प्लास्टर, आणि तारा काढण्यासाठी पुन्हा एकदा थिएटर. हाडाचं गणित सुटलं. पण ज्या मुलाचं हाड कापलं जात होतं ते दोन-तीन वर्षांचं होतं, आणि ते नेमकं अशा वयात की आई दिसेनाशी झाली तर जग संपलं असं ज्याला वाटतं.

इथे इतिहासाचा दुसरा धागा येऊन मिळतो. युरोपातल्या बालरुग्णालयांनी एकोणिसाव्या शतकापासून आईबापांना दूर ठेवलं. कारणं त्या काळाला पटणारी होती. साथीचे रोग बाहेरून येतात, आई आली की मूल रडतं, गेली की आणखी रडतं, वॉर्डची शिस्त मोडते. हाडांच्या रुग्णालयांत हे सगळ्यांत जास्त जाचक ठरलं, कारण तिथला मुक्काम सर्वांत लांब. हाडांचा क्षय झालेली मुलं, स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध येईपर्यंत, महिने तर सोडाच, वर्षं खाटेवर पडून असत. ॲग्नेस हंट या स्वतः अपंग असलेल्या परिचारिकेने १९०० मध्ये इंग्लंडमधल्या बॅसचर्च इथे मोकळ्या हवेतलं रुग्णालय उभं केलं आणि लिव्हरपूलचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स तिथे मुलांवर उपचार करू लागले. दोघांच्या तळमळीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरी अशी रुग्णालयं गावापासून दूर असत आणि भेटीचा दिवस आठवड्यातून, कित्येक ठिकाणी तर महिन्यातून एकदा येई. दरम्यान शांत झालेल्या मुलाला परिचारिका 'रुळलं' म्हणत.

ते रुळलेलं नसतं, हे दाखवून दिलं जेम्स रॉबर्टसन या स्कॉटिश समाजसेवकाने. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्यासोबत लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करताना त्याने मुलांच्या वागण्यातले तीन टप्पे टिपले : आधी आकांत, मग निराशा, शेवटी अलिप्तता. तिसरा टप्पा सर्वांत घातक, कारण तोच बाहेरून समजूतदारपणासारखा दिसतो. आईला पाहून मूल तोंड फिरवतं. शब्दांवर कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा रॉबर्टसनने कॅमेरा हातात घेतला. १९५२ मधल्या त्याच्या चित्रपटात अडीच वर्षांची लॉरा बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस रुग्णालयात राहते. ती फारशी रडतही नाही. कधी चेहरा आक्रसतो, कधी ती आई कुठे आहे असं विचारते आणि गप्प होते. लंडनच्या वैद्यकीय सभेत तो दाखवल्यावर अनेक डॉक्टर-परिचारिका संतापल्या. आपली बदनामी केली असं त्यांना वाटलं. आठ दिवसांत हे होतं, तर आठ महिन्यांच्या प्लास्टरात काय होत असेल, हा प्रश्न मात्र आता झाकता येणार नव्हता.

ब्रिटिश सरकारने समिती नेमली. अध्यक्ष होते सर हॅरी प्लॅट, मँचेस्टरचे अस्थिशल्यविशारद. लहानपणी त्यांच्या गुडघ्याला क्षय झाला होता आणि त्यांच्यावर उपचार केले होते त्याच रॉबर्ट जोन्स यांनी. हाडांच्या दुखण्याने मुलाचं बालपण कसं खाटेला बांधलं जातं, हे अहवालातून शिकण्याची गरज या माणसाला नव्हती. १९५९ च्या प्लॅट अहवालाने सांगितलं की आईबापांच्या भेटीवर वेळेचं बंधन नको, पाच वर्षांखालच्या मुलांसोबत आईला राहू द्यावं, मुलांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवू नये, त्यांच्या खेळाची आणि शिक्षणाची सोय हवी. सरकारने शिफारशी मान्य केल्या, रुग्णालयांनी मात्र वर्षानुवर्षं चालढकल केली. १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी संघटना बांधली आणि रुग्णालयागणिक विचारत सुटल्या : अहवालाचं काय केलंत? आज शस्त्रक्रियेनंतर मुलाच्या उशाशी आईची खुर्ची असते ती त्यांच्या या पाठपुराव्यामुळे. शल्यविशारदाच्या कौशल्याइतकीच ही खुर्चीही बालशल्यचिकित्सेच्या प्रगतीत मोजायला हवी.

महाराष्ट्रात या कहाणीचा चेहरा थोडा निराळा आहे. सरकारी रुग्णालयातल्या बालविभागात आई मुलाच्या खाटेशी असतेच, बऱ्याचदा खाटेखाली सतरंजी टाकून. त्यामागे धोरणापेक्षा मनुष्यबळाची चणचण जास्त आहे. औषध आणणं, सलाइन संपत आलं की सिस्टरना सांगणं, भांडं देणं, सगळं तिच्याकडे. तिला दाराबाहेर ठेवलं नाही हे चांगलंच, पण तिला नीट झोपायला जागा मिळावी, इतकी तरी तिची गणती व्हायला हवी होती.

मुंबईत तर एका आईनेच संस्था उभी केली. स्वातंत्र्यलढ्यात वावरलेल्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला १९४० च्या दशकात पोलिओ झाला. मुलीला घेऊन त्या मद्रासला नामवंत अस्थिशल्यविशारद डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. मुलगी सुधारत गेली तसं त्यांना दिसू लागलं की आपल्याला प्रवास, मुक्काम, ओळखी हे सगळं शक्य होतं. इतर आयांना यातलं काहीच नाही. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था सुरू केली. त्यातून हाजी अलीजवळचं मुलांचं हाडांचं रुग्णालय उभं राहिलं. पोलिओने लुळे झालेले पाय, वाकडी पावलं, निखळलेले खुबे घेऊन गावोगावची कुटुंबं तिथे येत राहिली. फातिमाबाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली.

आज खुब्याची शस्त्रक्रिया झालेलं मूल घरी येतं ते छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याला डॉक्टर स्पायका म्हणतात. दोन पायांच्या मध्ये आधाराचा दांडा असतो आणि नवख्या पाहुण्याला वाटतं, उचलायला हीच सोयीची मूठ. तसं उचललं तर प्लास्टर तडकतं. लंगोटापुरती जागा मोकळी ठेवलेली असते. तिथून ओल आत गेली की कातडी सोलवटते आणि वास सुटतो, म्हणून आई आत एक लहान लंगोट खोचते आणि वरून मोठा बांधते. दर काही तासांनी मुलाला कुशीवर, पालथं करायचं, रात्रीसुद्धा. बोटं निळी पडत नाहीत ना, गार लागत नाहीत ना, हे पाहायचं. खाज सुटली तरी आत पट्टी किंवा सळई घालायची नाही. पोट प्लास्टरमध्ये असल्याने थोडं थोडं भरवायचं. हे सगळं डॉक्टर सांगतात, पण करतात घरची माणसं, आणि पहिल्या आठवड्यात बहुतेकांचे हात थरथरतात.

शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाऊ नये यासाठीही आईबापच लागतात, हे जपानने दाखवलं. तिथे तान्ह्या बाळांचे पाय सरळ करून लंगोट आणि कपडे घट्ट गुंडाळत. १९७० च्या दशकाच्या मध्यावर देशभर मोहीम निघाली की बाळाच्या मांड्या मोकळ्या राहू द्या. खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. उत्तर अमेरिकेतल्या नावाहो लोकांत बाळाला पाय सरळ ठेवून पाळणाफळीला बांधत, तिथे हे दुखणं पुष्कळ होतं. आफ्रिकेतल्या ज्या समाजांत बाळ मांड्या फाकवून पाठीशी असतं, तिथे ते फार विरळ. मराठी घरांत दोन्ही गोष्टी आहेत. कडेवर घेतलेल्या बाळाची मांडी खुब्याला हवी तशीच उघडते. पण त्याआधीच्या महिन्यांत, पाय वाकडे राहतील या भीतीने, दुपट्यात पाय सरळ ताणून करकचून बांधायची सवयही घरोघरी असते. दुपटं सोडायची गरज नाही. कमरेखाली ते सैल ठेवलं, बाळाला गुडघे वर घेऊन फाकवता आले, की पुरे.

ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० च्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी विकसित केली आणि त्या देशाने पुढे प्रत्येक नवजात बाळाची ती तपासणी सुरू केली. आपल्याकडे अशी सरसकट सोय नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने मात्र जन्मजात दोषांच्या यादीत निखळलेल्या खुब्याला जागा दिली, आणि घरी येणाऱ्या आशाताईंवर बाळाकडे त्या नजरेने पाहण्याची जबाबदारी टाकली. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी उघडत नाही का, पाय लहानमोठे वाटतात का, मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का, बाळ पायाळू होतं का. या प्रश्नांची उत्तरं ज्यांच्याकडे असतात त्या आई, आजी आणि अंघोळ घालणारी बाई. सहा महिन्यांच्या आत उत्तर मिळालं तर बहुधा पट्ट्यांवर भागतं. दीड वर्षापर्यंत भूल देऊन हाड बसवणं आणि प्लास्टर. त्यापुढे बहुतेक वेळा सुरी.